आधी तुमचं फाटक उघडा

"शर्यत कसली गं? पेपरवाल्यांनी उगाच शर्यत शर्यत म्हणून हाकाटी केली. दोघंही मनातून एकमेकांना म्हणत होते, आधी तुम्ही उघडा!"

काकूंनी कढीपत्त्याची डहाळी भिंतीवरून माझ्याकडे सरकवली आणि पदर खोचला. पदर खोचला की समजायचं, आपली आमटी आज गार होणार.

विषय निघाला माझ्या भाच्यावरून. तो डिसेंबरात बायको-पोरांना घेऊन ऑर्लँडोला निघालाय आणि डिस्नी की युनिव्हर्सल यावरून घरात दोन तट पडलेत, एवढंच मी बोलून गेले. काकूंची लेक किसिमीला राहते, ऑर्लँडोच्या दक्षिणेला, डिस्नीपासून फार लांब नाही. २०२० च्या सुरुवातीला काकू नातवंडांसाठी तिकडे गेल्या, मार्चमध्ये आपल्याकडची आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली आणि काकू तिथेच अडकल्या. त्यामुळे त्या वर्षीची ऑर्लँडोची खडानखडा माहिती त्यांच्याकडे. ती मिळाली कुठून, तर तिथल्या परसातल्या लाकडी कुंपणावरून. पलीकडे एक पोर्तो रिकोचं कुटुंब. नवरा एका पार्कात, बायको दुसऱ्यात.

"कोण कुठल्या पार्कात, ते मी सांगायची नाही," काकू म्हणाल्या. "बिचाऱ्यांची नोकरी आहे अजून. पण एका घरात दोन्हीकडच्या बातम्या यायच्या, हे ध्यानात घे."

"बरं, मग करोनात फाटकं उघडायची शर्यत कशी नव्हती ते सांगा."

"सांगते. आधी घरं समजून घे. डिस्नी म्हणजे तिकडचं जुनं, तालेवार घर. १९७१ पासूनचं. चार मोठे पार्क, शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास जमीन, पाऊण लाख माणसं कामाला. युनिव्हर्सल मागाहून आलं, १९९० मध्ये. जुन्या घराने त्याला कित्येक वर्षं हिशेबातच धरलं नाही. मग २०१० मध्ये त्यांनी तो चष्मेवाला जादूगार आणून बसवला..."

"हॅरी पॉटर."

"तोच. आणि रीघ लागली. तेव्हापासून या घराचं लक्ष त्या घरात आणि त्या घराचं या घरात. इकडे तिकीट वाढलं की तिकडे वाढतं. इकडे नवा पाळणा आला की तिकडे फावडी पडतात. आणि बंदसुद्धा कशी झाली बघ. १२ मार्च, गुरुवार. डिस्नीने जाहीर केलं की आम्ही बंद करतोय, आणि त्याच संध्याकाळी युनिव्हर्सलनेही. दोघांनी १५ तारखेच्या रात्रीच दिवे मालवले. पहिल्यांदा कुणी बंद करायचं म्हणजे आपली गिऱ्हाइकं स्वतःच्या हाताने शेजारी नेऊन सोडायची. म्हणून बंद करताना दोघं हातात हात घालून."

"आणि उघडताना?"

"उघडताना हात सुटले."

मधला काळ काकूंनी थोडक्यात सांगितला, कारण तो सांगण्यासारखा नव्हता. एरवी रात्री नऊच्या सुमारास डिस्नीचे फटाके दुरून ऐकू यायचे आणि धाकटा नातू त्या आवाजावर झोपायला जायचा. ते थांबले. आय-फोर रस्ता, जो कधी मोकळा दिसत नाही, तो मोकळा दिसायला लागला. एप्रिलमध्ये डिस्नीने एकट्या फ्लोरिडातल्या ४३,००० युनियनवाल्या कामगारांना बिनपगारी रजेवर बसवलं. आरोग्य विमा चालू ठेवला, हे मात्र काकू आवर्जून सांगतात. फ्लोरिडात बेकारभत्ता जास्तीत जास्त आठवड्याला २७५ डॉलर. त्यावर दिल्लीश्वरांनी, म्हणजे तिकडच्या वॉशिंग्टनवाल्यांनी, जुलैअखेरपर्यंत सहाशे डॉलरची भर टाकली होती. पण आधी अर्ज तर गेला पाहिजे!

"शेजारीण रात्री दोनला उठून लॅपटॉप उघडायची," काकू म्हणाल्या. "दिवसा ती साइट बसलेली असायची म्हणून. परसातल्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी कॉफी, आणि पडद्यावर ते गोल गोल फिरणारं चक्र. पार्कातले पाळणे बंद आणि हे एवढंच फिरतंय, असं स्वतःच म्हणायची आणि हसायची. हसणं कसलं म्हणा!"

काकांनी व्हरांड्यातून पेपर खाली केला. "तारखा सांग तिला, तारखा. तारखांशिवाय तुझं खरं नाही."

"तुमच्या आधी मला पाठ आहेत. हे बघ, एप्रिल महिन्यात तिथल्या काउंटीने एक समिती बसवली. पार्कवाल्यांनी यायचं, आम्ही अशी काळजी घेऊ म्हणून सांगायचं, समितीने होय म्हणायचं, महापौरांनी पत्र द्यायचं आणि मग गव्हर्नरने मंजुरी. २१ मेला युनिव्हर्सलवाले गेले. म्हणाले, ५ जूनला उघडतो. आणि उघडलंसुद्धा. १ आणि २ जूनला आधी त्यांच्याच कामगारांना आत सोडलं, ३ आणि ४ ला पासवाल्यांना आणि निमंत्रितांना, आणि ५ ला सगळ्या जगाला."

"म्हणजे पहिला नंबर युनिव्हर्सलचा."

"कसला पहिला? लेगोलँड १ जूनलाच उघडलं होतं! विंटर हेवनला, ऑर्लँडोपासून तासाभरावर. ठोकळ्यांचं पार्क, लहान मुलांचं. त्याचं कुणी नावच घेतलं नाही. बड्या घरांच्या भांडणात तिसऱ्याच्या नंबरला कोण विचारतो?"

मला हसू आलं. काकूंना ते आवडलं नाही, कारण त्या अजून मुद्द्यावर यायच्या होत्या.

"आता नीट ऐक. २७ मेला एकाच दिवशी त्या समितीपुढे दोघं गेले, सीवर्ल्ड आणि डिस्नी. सीवर्ल्डने तारीख मागितली ११ जून. डिस्नीने मागितली ११ जुलै. शेजारी युनिव्हर्सल पाच आठवडे आधी उघडतंय हे डोळ्यांना दिसतंय, आणि तरी महिनाभर थांबायचं? मी शेजारणीला विचारलं, एवढे दिवस कशाला? ती म्हणाली, दुसऱ्याच्या दारात काय होतंय ते बघतायत."

"असं कसं काकू? मोठ्या घराला वेळ लागतोच की. चार पार्क, एवढी हॉटेलं, एवढ्या युनियनशी बोलणी..."

"ते आहेच. मी कुठे नाही म्हणते? शिवाय त्यांच्याकडे शांघायचा अनुभवही होता. पण मनातलं गणित बघ. आधी उघडलं आणि साथ पसरली तर सगळं जग म्हणणार, पैशाच्या हावेपायी माणसं मारली. उंदीरमामाच्या नावाला बट्टा. उशिरा उघडलं तर लोक सुट्टी शेजारी घालवून घरी जाणार. तेव्हा शेजाऱ्याला पुढे जाऊ द्यायचं, त्याचं काय होतं ते बघायचं आणि मग आपण सावकाश, सोवळ्यात उघडायचं. दुसऱ्याच्या खांद्यावरून बंदूक."

"मग शहाणेच ठरले की!"

"इथेच तर फसगत झाली." काकूंनी आवाज खाली आणला, जणू डिस्नीवाले पलीकडच्या गल्लीत राहतात. "जूनच्या सुरुवातीला फ्लोरिडात रोजचे हजार-दीड हजार रुग्ण होते. युनिव्हर्सल उघडलं ते तेव्हा. डिस्नी ज्या दिवशी उघडलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १२ जुलैला, फ्लोरिडाने एका दिवसात पंधरा हजारांवर रुग्ण सांगितले. तोवर अमेरिकेतल्या कुठल्याच राज्याने एका दिवसात एवढा आकडा सांगितला नव्हता. सावधपणे थांबले आणि नेमके वणव्यात पाय घालायला गेले!"

"मग पुढे का नाही ढकललं?"

"तोच तर माझा मुद्दा. कामगारांनी अर्ज केला होता की पुढे ढकला म्हणून. पण गिऱ्हाइकांनी दिवस राखून ठेवलेले, माणसं कामावर बोलावलेली, आणि शेजारी महिनाभर चालू! शेजारचं फाटक उघडं असताना आपलं बंद कसं ठेवायचं? जून महिनाभर शेजाऱ्याकडे बघून थांबले आणि जुलैमध्ये शेजाऱ्याकडे बघूनच थांबता आलं नाही. रोगाकडे बघायचं तेवढं राहून गेलं."

यावर मी गप्प बसले. काका मात्र म्हणाले, "पण पार्कमधून मोठी साथ पसरली असं काही पुढे आलं नाही हो. ते पण सांग."

"सांगते ना. खरंय. तसं ठळक उदाहरण काही समोर आलं नाही. आता लोक चार दिवस राहून चाळीस गावांना परत जाणार, तर कोण कुठे आजारी पडला हे शोधायचं कुणी, ही गोष्ट वेगळी. पण व्यवस्था दोन्हीकडे चोख होती, त्याला नावं नाही ठेवायची. दारात ताप बघायचे. १००.४ च्या वर गेला की घरी. जमिनीवर खुणा, रांगेत काचेसारखी प्लास्टिकची पार्टिशनं, पाळण्यातल्या मधल्या ओळी रिकाम्या. डिस्नीने तर आधी दिवस राखून ठेवल्याशिवाय आत सोडायचं नाही असं ठरवलं. मिरवणुका बंद, फटाके बंद, मिकीला मिठी मारणं बंद. मिकी लांबून हात हलवणार, तुम्ही लांबून हलवायचा."

आणि मग काकूंनी माझ्या आवडीचा भाग काढला. माणसं नियमाला कशी बगल देतात!

मास्क सक्तीचा, पण खाता-पिताना काढायची मुभा. झालं. लोक हातात एक चुरोस घेऊन पार्कभर फिरायला लागले. चुरोस म्हणजे तळलेला साखरेचा दांडा. चार घासांचा जिन्नस, पण तो तासन्‌तास संपेचना. ग्लासात बर्फ वितळून पाणी झालं तरी स्ट्रॉ तोंडात. आठवड्याभरातच डिस्नीला नियम बदलावा लागला की खायचं तर एका जागी उभं राहून खा. पाळण्यावर वेगळी तऱ्हा. खाली मास्क लावून बसायचं आणि फोटोचा कॅमेरा येतो त्या वळणावर खाली ओढायचा, म्हणजे फोटोत हसू दिसावं. डिस्नीने सांगितलं, मास्क नसेल तर फोटोच मिळणार नाही.

"आणि डिसेंबरात काय केलं माहितीये? काही फोटोंत कॉम्प्युटरवर मास्क चिकटवले! बाईने प्रत्यक्षात मास्क खाली ओढलेला, फोटोत बघते तर नाकापर्यंत लावलेला. त्यावर बोभाटा झाला आणि मग तो प्रकार बंद केला."

"आत्ता गं बाई!"

"आणि उघडायच्या दिवशी त्यांनी एक छोटी फिल्म सोडली होती. सगळे कर्मचारी मास्क लावून हात हलवतायत आणि म्हणतायत, तुमचं स्वागत असो घरी. लोकांनी काय करावं? त्याच फिल्मला भुताच्या सिनेमाचं संगीत लावून फिरवलं! शेजारणीने मला मोबाइलवर दाखवलं. हसू आवरेना आणि अंगावर काटाही आला."

एवढ्यात काकूंच्या कामवाल्या मावशी आल्या. पाच मिनिटं भांडी किती, ओटा पुसायचा की नाही यात गेली. मला वाटलं विषय बदलणार. पण काकू परत आल्या त्या जास्तच तापून.

"तुला बास्केटबॉलचं सांगितलं का? नाही ना? त्याच जुलैत, डिस्नीच्याच आवारात, एनबीएच्या २२ संघांना आणून ठेवलं. बाहेरच्या माणसाचा वारा लागायला नको. हॉटेलं दिली, मैदानं दिली, आणि खेळाडूंची रोज तपासणी. रोज! ३० जुलैला सामने सुरू झाले ते ऑक्टोबरपर्यंत चालले. आणि पार्कातले नट-नट्या, गाणारे, नाचणारे, ज्यांना मास्क लावून काम करता येत नाही, त्यांची युनियन म्हणत होती, आमचीही नियमित तपासणी करा. तर नाही. युनियन अडून बसली आणि त्यांना कामावर बोलावलंच नाही. ऑगस्टमध्ये डिस्नीच्या आवारात तपासणीची सोय झाली तेव्हा कुठे गाडं पुढे सरकलं. म्हणजे चेंडू टोलवणाऱ्याची तपासणी परवडते आणि राजकन्या होणाऱ्या पोरीची परवडत नाही?"

"चेंडूवर टीव्हीचा पैसा असतो हो," काका म्हणाले.

"तेच म्हणतेय मी. तुम्ही पेपर वाचा."

मी विषय हलका करायला विचारलं, बाकी जगात काय होतं? काकूंना जगाचीही माहिती होती. अडकलेल्या माणसाला वाचायला वेळच वेळ.

सर्वांत आधी बंद झालं शांघायचं डिस्नीलँड, २५ जानेवारीला, आणि डिस्नीच्या पार्कांपैकी सर्वांत आधी उघडलंही तेच, ११ मेला. सरकारने तीस टक्क्यांची मर्यादा घातली होती आणि मोबाइलवरचा हिरवा कोड दाखवल्याशिवाय आत प्रवेश नव्हता. हाँगकाँगमध्ये तर पुन्हा दोन घरं. ओशन पार्क हे गावातलं जुनं, १९७७ चं, आणि डिस्नीलँड बाहेरून आलेलं. ओशन पार्कने १३ जूनला उघडून डिस्नीला पाच दिवसांनी मागे टाकलं. गंमत अशी की तिथल्या डिस्नीलँडमध्ये मोठा वाटा हाँगकाँग सरकारचाच, आणि बुडायला आलेल्या ओशन पार्कला मे महिन्यात कोट्यवधी डॉलर देऊन वाचवणारंही तेच सरकार. दोन्ही दुकानांचा गल्ला एकाच्याच खिशातून चालणार, आणि तरी म्हणे आधी कोण!

"आणि १५ जुलै ही तारीख लिहून ठेव," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी फ्लोरिडात डिस्नीचे उरलेले दोन पार्क उघडले, एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज. त्याच दिवशी पॅरिसचं उघडलं. आणि त्याच दिवशी हाँगकाँगचं पुन्हा बंद झालं, कारण तिथे रुग्ण वाढले. फ्लोरिडात रोज हजारोंनी रुग्ण, तिथे उघडायचं. हाँगकाँगमध्ये त्या मानाने मूठभर, तिथे बंद करायचं. कंपनी एकच, तारीख एकच! तेव्हा मला कळलं की उघडणं-मिटणं या कंपन्यांच्या शहाणपणावर नव्हतंच. ज्या गावचा कारभारी जसा, तसं."

"कॅलिफोर्नियातही असंच ना?"

"कॅलिफोर्नियाचं ऐकशील तर थक्क होशील. तिथलं डिस्नीलँड म्हणजे यांचं मूळ घर, १९५५ चं. केनेडी गेले तेव्हा, ९४ च्या भूकंपानंतर, आणि ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, असं अचानक बंद राहण्याचे प्रसंग हाताच्या बोटावर मोजण्याइतके. आणि या वेळी तेरा महिने! १४ मार्च २०२० ला बंद, ते ३० एप्रिल २०२१ ला उघडलं. आधी त्यांनी १७ जुलै ठरवली होती, वाढदिवस त्यांचा. राज्याने नियमच दिले नाहीत. ऑक्टोबरमध्ये दिले ते असे की मोठ्या पार्कांनी साथ अगदी उतरणीला लागेपर्यंत थांबावं. त्याआधीच डिस्नीचे बॉब आयगर गव्हर्नरच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते. बोलणं-चालणं बंद झालं म्हण ना."

"आणि लोक?"

"लोक खात होते. खरंच सांगते. शेजारच्या गावात नॉट्स बेरी फार्म म्हणून जुनं पार्क आहे. त्यांनी २०२० च्या उन्हाळ्यातच पाळणे बंद ठेवून नुसती खाद्यजत्रा भरवली. ते बघून डिस्नीनेही मार्च २०२१ मध्ये तसंच केलं. तिकीट ७५ डॉलर. त्यात पाळणा एकही नाही. आत जायचं, पंचवीस डॉलरचं खाणं त्याच पैशात, मिकीला लांबून बघायचं आणि परत यायचं. आणि लोक गेले! माझ्या लेकीची मैत्रीण गेली होती. म्हणाली, आत उभं राहिलं तरी बरं वाटलं."

मला यात काही चूक वाटली नाही, तसं मी म्हटलं. तेव्हा आपण सगळेच कुठेतरी जाऊन नुसतं उभं राहायला आसुसलेले होतो. काकूंनी मान डोलावली. त्याच डिस्नीलँडच्या वाहनतळावर जानेवारी २०२१ मध्ये लशीचं मोठं केंद्र सुरू झालं होतं, तेही त्यांना माहीत होतं. पाळण्यांसाठी लागणारी रांग तेव्हा दंडात सुई टोचून घ्यायला लागायची.

"सगळ्यांत सरळ जपानी," काका मध्येच म्हणाले. "ओरडू नका म्हणाले."

"हो गं! तिथल्या पार्कवाल्यांच्या संघटनांनी नियम केला की पाळण्यावर ओरडू नये, तोंडातून थुंकी उडते. आता रोलर कोस्टरवर ओरडायचं नाही तर काय करायचं? तर फुजी-क्यू हायलँड म्हणून पार्क आहे, फुजी पर्वताच्या पायथ्याशी. तिथल्या दोन मोठ्या अधिकाऱ्यांनी स्वतः बसून दाखवलं. कोट, टाय, तोंडाला मास्क. ७९ मीटर उंचीवरून गाडी खाली कोसळतेय, केस उडतायत, आणि यांच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही. शेवटी पाटी येते की किंचाळायचं ते मनातल्या मनात किंचाळा."

"हे तर आपल्याला लग्न झाल्यापासून जमतं," मी म्हटलं. यावर काकू एवढ्या हसल्या की काकांनी पेपर पुन्हा वर घेतला.

आपल्याकडचं फारसं सांगण्यासारखं नव्हतं. केंद्राने १५ ऑक्टोबर २०२० पासून करमणुकीच्या उद्यानांना परवानगी दिली, पण पहिल्यांदा कोण उघडतं यावर पैजा लावाव्यात असं कुणाला वाटलं नाही. गोराईचं एस्सेलवर्ल्ड काय किंवा खोपोलीजवळचं इमॅजिका काय, ती आपली तेव्हा एका दिवसाची सहल असायची. सकाळी डबा बांधून जायचं, रात्री घरी. ऑर्लँडोचं तसं नाही. २०१९ मध्ये तिथे साडेसात कोटींहून जास्त पाहुणे आले होते. गावातला न्हावी, धोबी, टॅक्सीवाला, सगळे त्या दोन फाटकांवर जगतात. फाटकं मिटली की गाव मिटतं. म्हणून समितीने कुणालाच फार प्रश्न विचारले नाहीत, असं काकूंचं मत.

"मग उघडल्यावर तरी सगळ्यांना कामं परत मिळाली?" मी विचारलं.

काकू थोडा वेळ कढीपत्त्याची पिकलेली पानं खुडत राहिल्या.

"नाही. गर्दीच नव्हती ना. फाटक उघडलं म्हणजे पाहुणे येतात असं थोडंच आहे? एप्रिल ते जून या तिमाहीत डिस्नीच्या पार्क विभागाची मिळकत ८५ टक्क्यांनी घसरली होती, तोटा दोन अब्ज डॉलरच्या घरात. २९ सप्टेंबरला त्यांनी जाहीर केलं, २८,००० माणसं कमी करणार. त्यातली बहुतेक अर्धवेळ कामाची. नाव कॅलिफोर्नियाच्या सरकारचं पुढे केलं की ते उघडू देत नाही. पण नोकऱ्या फ्लोरिडातल्याही गेल्या, जिथे सगळं उघडं होतं! युनिव्हर्सलने तर उघडल्यावर त्याच जूनमध्ये माणसं काढायला सुरुवात केली होती. मग जिंकलं कोण? पहिलं उघडणाऱ्याने माणसं काढली, थांबून उघडणाऱ्याने काढली, आणि न उघडणाऱ्यानेही काढली."

"तुमच्या शेजारणीचं?"

"तिचं राहिलं. त्याचं गेलं. सहा-आठ महिन्यांनी परत बोलावलं त्याला. मधल्या काळात कामावरून कमी केलेल्यांसाठी त्यांच्यातल्याच काहींनी धान्यवाटप सुरू केलं होतं. तांदूळ, राजमा, डब्यातलं टूना. तो तिथे पिशव्या भरायला जायचा. म्हणायचा, घेणाऱ्यांच्या रांगेत उभं राहायला लाज वाटते, म्हणून देणाऱ्यांच्या बाजूला उभा राहतो आणि जाताना एक पिशवी घेऊन जातो. मला लेकीने घावन करायला सांगितले होते त्या दिवशी, तर मी त्यांच्यासाठीही दहा-बारा जास्त घातले. कुंपणावरून दिले. त्यांना खोबऱ्याची चटणी फार आवडली."

काकांनी घड्याळाकडे बघितलं. मीही बघितलं, पण मूळ प्रश्न तसाच राहिला होता.

"काकू, पण भाच्याला सांगू काय? डिस्नी की युनिव्हर्सल? आता तर युनिव्हर्सलचं नवंकोरं पार्क उघडलंय म्हणतात."

"एपिक युनिव्हर्स. त्याचीही गोष्ट तीच. २०१९ मध्ये जाहीर केलं, साथीत काम थांबवलं, मार्च २०२१ मध्ये पुन्हा हात घातला आणि २२ मे २०२५ ला उघडलं. ते उघडतंय म्हटल्यावर जुनं घर गप्प बसेल? त्यांनी आधीच्याच वर्षी याद्या वाचून दाखवल्या, हे बांधणार, ते बांधणार. मोटारींच्या सिनेमाचा भाग करायचाय म्हणून मॅजिक किंगडममधली नदी बुजवायला घेतली. सुरुवातीपासूनची नदी, तिच्यात ती चाकाची बोट फिरायची. २०२५ च्या जुलैत बंद केली. माझ्या नातवाचं लहानपण त्या बोटीवर गेलं. पण शेजाऱ्याने नवं घर बांधलं म्हटल्यावर यांना नदीचं काय!"

"म्हणजे कुठे जाऊ नको म्हणू?"

"छे! नातवंडांना विचारशील तर दोन्ही सोन्यासारखी आहेत. भाचा किती दिवस राहणार?"

"सात."

"मग तीन दिवस डिस्नीत घालवणार आणि तीन दिवस युनिव्हर्सलमध्ये. सगळे तेच करतात. एवढे पैसे खर्चून इतक्या लांब गेलेला माणूस एकच बघून परत येत नाही, आणि हे त्या दोघांनाही पक्कं ठाऊक आहे. एक घर बंद असेल तर लोक दुसऱ्यासाठीही येत नाहीत, हे त्यांनी त्या उन्हाळ्यात बघितलंय. एकमेकांशिवाय त्यांचं चालत नाही गं."

"मग एवढं भांडण कशासाठी?"

काकूंनी खोचलेला पदर सोडला आणि आत जायला वळल्या.

"सातव्या दिवसासाठी."